वर्ड आपल्या हाताला जुळवून घ्यावं की आहे तसंच वापरावं?

शुद्धलेखनी
माझं काम लांबलचक अहवाल आणि पुस्तकांच्या संहिता तपासण्याचं. बरीच वर्षं वर्ड जसं मिळालं तसंच वापरलं, आणि त्यात किती वेळ गेला याचं आता वाईट वाटतं. माझं मत सरळ आहे: रोज दोन-तीन तास वर्डमध्ये घालवणाऱ्याने ते आपल्या सवयीप्रमाणे बदलून घ्यावंच.

२००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची टॅबांत विभागलेली बटणांची पट्टी, आली तेव्हापासून एकेका आज्ञेसाठी टॅब बदलत बसावं लागतं. मी रोज लागणाऱ्या सात आज्ञा क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर, म्हणजे कायम समोर दिसणाऱ्या छोट्या पट्टीवर, आणल्या. ऑल्ट आणि १ दाबलं की पहिली, २ दाबलं की दुसरी. माउसकडे हात जात नाही. पेस्टसाठी ऑप्शन्समध्ये सगळीकडे 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडलंय, म्हणजे बाहेरचा मजकूर आपला फॉन्ट आणि रंग घेऊन येत नाही. लांबलचक संज्ञांसाठी ऑटोकरेक्टमध्ये लघुरूपं आहेत; लघुरूप टाइप केलं की पूर्ण शब्द आपोआप येतो. या तीन गोष्टींना मिळून एक दुपार लागली.

फिरता टंकक
मला हे अजिबात पटत नाही. मी दर आठवड्याला वेगळ्या टेबलावर, वेगळ्या संगणकावर बसतो. तुमचा टूलबार तिथे नसतो. हाताला ऑल्ट-३ ची सवय लागली की दुसऱ्याच्या संगणकावर त्याच कळांनी भलतीच आज्ञा चालते. त्यापेक्षा जे सगळीकडे आहे ते पाठ करा. एफ४ ने आधीची कृती पुन्हा होते. कंट्रोल-स्पेसने अक्षरांवर हाताने केलेली सजावट निघते, कंट्रोल-क्यूने परिच्छेदाची. कंट्रोल-ऑल्ट-१ ने पहिल्या पातळीचं शीर्षक लागतं. काही बसवायचं नाही, काही हरवायचं नाही.

ऑटोकरेक्टचा तर मी धसकाच घेतलाय. मी 'मान' लिहिलं की 'माननीय' व्हावं अशी नोंद केली होती. एका आरोग्यविषयक लेखात 'मान आखडते'चं 'माननीय आखडते' झालं. शेवटच्या वाचनात सापडलं म्हणून वाचलो.

शुद्धलेखनी
तो दोष नोंदीचा. लघुरूप असं हवं की जो शब्द भाषेत नाहीच. 'मनय' ठेवलं असतं तर हे झालं नसतं. आणि टूलबार फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

फिरता टंकक
त्या फाइलीत फक्त रिबन आणि टूलबार जातात. स्वतः ठरवलेले कीबोर्ड शॉर्टकट सहसा नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलीत, असतात, ऑटोकरेक्टच्या साध्या नोंदी आणखी वेगळ्या फाइलीत. संगणक नव्याने भरला की बहुतेकांचं हेच जातं. शिवाय परक्या संगणकावर सेटिंग बदलायची परवानगी तरी कुठे असते?

जुळारी
तुम्ही दोघंही टूलबारवरच अडकलात. खरा फरक स्टाइल्सने, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या फॉन्ट-आकार-अंतराच्या मांडणीने, पडतो, आणि त्या दस्तऐवजाबरोबरच जातात, संगणक कोणाचाही असो. शीर्षकं हाताने ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा. अनुक्रमणिका आपोआप तयार होते, नॅव्हिगेशन पेनमध्ये (बाजूच्या शीर्षकांच्या यादीत) प्रकरणं उचलून वर-खाली करता येतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: स्टाइलमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली वेगळा ठरवावा लागतो. तिथे न बदलता वरचा फॉन्ट कितीही बदला, देवनागरी अक्षरं जिथल्या तिथे राहतात. लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

शुद्धलेखनी, तुमची पेस्टची सेटिंग मात्र धोक्याची आहे. 'कीप टेक्स्ट ओन्ली'ने तिरपे शब्द सरळ होतात, तळटीपा जातात. संहिता तपासणाऱ्याला हे परवडणार नाही. तिथे चार ओळी आहेत. फक्त शेवटची, दुसऱ्या प्रोग्रॅममधून पेस्ट करण्याची, बदला.

नवा वाचक
आणि मॅक्रो, म्हणजे अनेक कृती एका झटक्यात करणारे छोटे प्रोग्रॅम?

जुळारी
स्वतः लिहिलेला, स्वतःला कळणारा असेल तर जरूर. कोणी पाठवलेला कधीच नाही. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला घेतले, ते योग्यच झालं.

शुद्धलेखनी
जुळारी, तळटीपांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या तिन्ही ओळी आत्ता पूर्ववत केल्या, आणि गेल्या महिन्यातल्या दोन संहिता मूळ प्रतीशी ताडून बघायला घेतल्यात. टूलबार मात्र मी काढणार नाही.

फिरता टंकक
स्टाइल्सचं मान्य. टूलबारचं नाही.