कृष्णवर्णीय पुरुष आणि प्रोस्टेट कॅन्सर: पीएसए कधी करावी, उपचारांनंतर काय सांभाळावं?

अनघड
अमेरिकेतल्या एका वस्तीतल्या दवाखान्यासाठी पत्रक लिहायचं आहे. तिथे येणारे बहुतेक पुरुष कृष्णवर्णीय, चाळिशी ते सत्तरीतले. दोन ठिकाणी अडलंय. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी) कुठल्या वयापासून सांगावी? दर संस्थेचा आकडा वेगळा. आणि ज्यांचे उपचार होऊन गेलेत त्यांच्यासाठी काय लिहावं? "नियमित तपासणी करत राहा" एवढ्यावर भागवायचं नाहीये.

पिंपळपान
अमेरिकन कॅन्सर सोसायटी सर्वसाधारण पुरुषाला ५०व्या वर्षी डॉक्टरांशी या विषयावर बोलायला सांगते, कृष्णवर्णीय पुरुषाला ४५व्या. वडील, भाऊ यांच्यापैकी एकाहून जास्त जणांना कमी वयात झाला असेल तर ४०. प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनचा २०२४चा सल्ला कृष्णवर्णीयांसाठीच आहे: पहिली पीएसए ४० ते ४५च्या दरम्यान, पुढे शक्यतो दरवर्षी.

गोंधळ होतो तो सरकारी कार्यदलाच्या (कुठल्या तपासण्या कराव्यात हे सुचवणारी अमेरिकेतली तज्ज्ञ समिती, यूएसपीएसटीएफ) शिफारशीमुळे. २०१८पासून ती ५५ ते ६९ वयाला "डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा" असं सांगते आणि कृष्णवर्णीयांना वेगळं वय देत नाही. त्याआधी २०१२मध्ये याच कार्यदलाने पीएसए करूच नका म्हटलं होतं. आज साठीत असलेल्या कितीतरी जणांना ऐन पन्नाशीत कुणी विचारलंच नाही, ते त्यामुळे. तिथे कृष्णवर्णीय पुरुषांत साधारण ६ पैकी एकाला हा कॅन्सर होतो आणि मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. तेव्हा पत्रकात बिनदिक्कत "४० ते ४५" छापा.

रक्त देण्याआधीच्या सूचना मात्र ठळक हव्यात. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबची सायकल टाळायची. लघवीचा संसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबायचं, नाहीतर आकडा उगाच वर जातो. उलटी चूक जास्त घातक: फिनास्टेराइड (केस गळण्यासाठी किंवा प्रोस्टेटच्या वाढीसाठी) वर्षभर चालू असेल तर पीएसए निम्मी दिसते. रिपोर्टवर २ आले तर ते ४ धरायचे. केसांची गोळी "औषध" म्हणून कुणी सांगत नाही, म्हणून तिचं नाव घेऊनच विचारा.

सुरंगी
वयाचं पटलं. पण "तुमच्या रक्तातच आहे" असा सूर पत्रकात नको. आनुवंशिक भाग खरा आहे, ८व्या गुणसूत्रावरचे धोका वाढवणारे काही बदल पश्चिम आफ्रिकी वंशात जास्त सापडतात. मात्र माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत, जिथे उपचार सगळ्यांना सारखे मिळतात, तिथे आजाराचा टप्पा आणि वय जुळवून पाहिलं तर या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंतला फरक जवळपास उरत नाही. २०१९च्या मोठ्या विश्लेषणात हे स्पष्ट दिसलं.

म्हणजे माणूस मागे पडतो तो वाटेत. पीएसए वाढली, पण पुन्हा तपासायला कुणी बोलावलं नाही. एमआरआयची मंजुरी लांबली. बायोप्सी एमआरआयशिवाय झाली आणि ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ सुईला लागलीच नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पुढची तारीख हातात घेऊनच निघायचं, हे लिहा.

बायोप्सीत ग्लीसन ६ (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा, ६ म्हणजे कमी धोक्याचा) आला तर लगेच शस्त्रक्रिया हवीच असं नाही, देखरेख कृष्णवर्णीयांनाही चालते. सैनिकांच्याच आकडेवारीत आजार पुढे सरकण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं, पण मृत्यू जास्त नव्हते. अट एकच: देखरेख खरोखर व्हायला हवी. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरल्या वेळी पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी.

आणि कुणी डॉक्टरांवर विश्वास नाही म्हणालं तर त्याला "गैरसमज" म्हणू नका. अलाबामात टस्कीगीला १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्यसेवेचे डॉक्टर कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत बसले होते. तो अविश्वास अनुभवातून आलेला आहे.

दीपमाळ
उपचारांनंतरचं मी सांगते.

शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवड्यांनी पीएसए न मोजण्याइतकी हवी. पुढे ०.२ किंवा जास्त आली आणि दुसऱ्यांदाही तेवढीच निघाली, तर आजार परतल्याचं धरतात. रेडिएशनचा हिशेब निराळा: सर्वांत खाली गेलेला आकडा अधिक २. हे दोन्ही नियम लोक एकमेकांत मिसळतात आणि रेडिएशन झालेला माणूस ०.४ पाहून हादरतो. पहिली पाच वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये.

लघवी गळते त्यावर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, पण कॅथेटर निघाल्यावरच. वारा रोखताना जो स्नायू आवळतो तो ५ ते १० सेकंद आवळायचा, तेवढाच वेळ सैल सोडायचा. १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडला किंवा पोट-नितंब आवळले की मेहनत वाया. लघवी मध्येच थांबवून रोजचा व्यायाम करू नये, ती खूण स्नायू ओळखण्यापुरती. रोज किती पॅड लागतात ते लिहून ठेवा. वर्षानंतरही लागत असतील तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा मूत्रमार्गाच्या कृत्रिम झडपेबद्दल यूरोलॉजिस्टना विचारा.

ताठरतेचा प्रश्न पुरुष स्वतःहून काढत नाहीत, पत्रकानेच काढावा. गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट असा क्रम. मेडिकेअरच्या (मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) औषध योजनेत ताठरतेच्या गोळ्या बसत नाहीत, हे आधी कळलं तर औषधाच्या दुकानात ओशाळावं लागत नाही.

हॉर्मोनचे (टेस्टोस्टेरॉन कमी करणारे) उपचार चालू असतील तर हाडांची डेक्सा तपासणी (घनता मोजणारा एक्स-रे), साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांवर लक्ष आणि वजनं उचलण्याचा व्यायाम. स्नायू फार लवकर उतरतात.

पिंपळपान
दीपमाळ, नेमकं लिहिलंत. एक भर: घरातल्या बायकांचे कॅन्सरही विचारा. आईला किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा झाला असेल तर बीआरसीए२ची (ज्या जनुकातल्या बिघाडाने हे कॅन्सर आणि प्रोस्टेटचाही धोका वाढतो) जनुकीय तपासणी विचारात घ्यावी. कृष्णवर्णीयांत "अर्थ अनिश्चित" असा निकाल जास्त येतो, कारण तुलनेचे नमुने मुख्यतः युरोपीय वंशाचे आहेत. त्या निकालावरून काही कापायचं-काढायचं ठरवू नये.

अनघड
मागच्या पानावर तक्ता टाकते: तारीख, पीएसए, लॅब, चालू गोळ्या, पुढची तारीख.

सुरंगी
"बोलावणं आलं नाही तर या नंबरवर फोन करा" अशी एक रिकामी ओळही ठेवा. नंबर दवाखान्यातल्या माणसाने त्याच्यासमोर लिहून द्यावा. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनीसुद्धा प्रोस्टेट कॅन्सरवरची डिसेंबर २०२३ची शस्त्रक्रिया जानेवारीपर्यंत राष्ट्राध्यक्षांना सांगितली नव्हती. स्वतःहून फोन करून विचारणं या आजारात फार जड जातं.