फसलो, थोडक्यात वाचलो : बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव लिहा

मार्च २०२५ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात एका वृद्ध जोडप्यानं ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे खोट्या पोलिसानं फोनवरूनच ‘अटक’ केल्याच्या, धाकानं पैसे गमावले आणि शेवटी जीव दिला. ती बातमी वाचल्यापासून मनातून जात नाही. त्या दिवसांत त्यांना कुणाजवळ तरी बोलता आलं असतं तर, एवढंच सारखं वाटतं.

म्हणून हा धागा काढलाय. फसलेल्यांनी लिहा, वाचलेल्यांनीही लिहा. नाव नको, बँकेचं नावही नको. गाव आणि काम पुरे. आपल्याकडची एक अडचण मला रोज दिसते: विजेचं बिल कन्नडमध्ये, बँकेचा मेसेज इंग्रजीत आणि घरात मराठी. अर्धं कळतं, अर्धं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. ‘मी सांगतो तसं करा’ म्हणणाऱ्याचं ऐकायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे, आणि चोर तिथूनच आत येतो.

उद्यमबाग, फाउंड्रीत अकाउंट्स बघतो

शनिवारी दुपारी साडेचारला मेल आला. ज्यांच्याकडून पिग आयर्न घेतो त्या पार्टीचा. आमच्याच जुन्या मेलला दिलेलं उत्तर, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, ४,८०,००० रुपये. एकच ओळ जास्तीची: आमचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या नव्या खात्यात भरा. मालक म्हणाले, आजच टाक, सोमवारी तिकडून गाडी सुटायला पाहिजे. मी नवं खातं चढवलंही.

खातं बदललं की एकदा फोन करायचा, ही सवय मला आमच्या जुन्या हेडक्लार्कनी लावली. आणि फोन मेलमधल्या नंबरवर नाही, टेबलाच्या काचेखाली जे कार्ड आहे त्यावरच्या नंबरवर. पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, “आमचं खातं बदललेलंच नाही.”

त्यानंतर मेलचा पत्ता अक्षर अक्षर लावून वाचला. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकले होते. स्क्रीनवर एमच दिसतो, अगदी जवळून बघितलं तरी. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला होता. चोरानं मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवला होता, त्यामुळे आमचा प्रत्येक मेल त्यालाही मिळत होता. पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच राहतो. तुमच्या मेलची सेटिंग उघडून फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघून घ्या, आणि लॉगिनला दुसरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड, लावा.

शहापूर, निवृत्त शिक्षक

तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय, असा फोन. मग व्हिडिओ कॉल. खाकी शर्ट, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायला सांगितला. समोरून उठायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर त्यांनाही आत घेऊ. अडीच तास मी तसा बसलो होतो. लघवीला जायचीसुद्धा परवानगी मागितली. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि त्या दिवशी मला एक प्रश्न सुचला नाही.

आमची मंडळी चहा घेऊन आत आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “मुंबईचे पोलीस म्हणतासा, मग मराठीत बोला की.” समोरचा हिंदीतच ओरडायला लागला. तिनं फोन उचलला आणि गादीवर पालथा घातला. पासबुक माझ्या मांडीवर उघडं होतं.

*(धागा काढणारा: गुरुजी, तुम्ही हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. काकूंनी केलं ते उत्तमच, पण भाषेवर विसंबू नका. उद्या तोच माणूस मराठीत बोलेल, नाहीतर कन्नडमध्ये. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि तपासासाठी म्हणून पैसे कुठल्या खात्यात भरायला लावत नाहीत. ‘कुणाला सांगू नका’ हे ऐकलं की तिथेच फोन ठेवा.)*

खानापूर, गृहिणी

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार दोन महिने आले नव्हते. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाईंच्या व्हॉट्सअॅपवर कन्नडमध्ये मेसेज, खाली एक फाइल. मला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळते. ‘हप्ता’ आणि ‘केवायसी’ एवढं लागलं आणि मी दाबलं. ती एपीके फाइल होती, म्हणजे ॲपच. एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती पण दिली.

सहा हजार, मग सहा हजार, मग सहा हजार. ओटीपी कुणी विचारलाच नाही, ते ॲप स्वतःच वाचत होतं. धाकटे दीर धावत आले. त्यांनी आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि दुसऱ्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला. तक्रारीचा नंबर घेऊन बँकेत गेलो. एक रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली, सहा हजार परत मिळाले. बारा गेले.

त्याहून वाईट म्हणजे तीच फाइल सासूबाईंच्या नावानं सगळ्या पाहुण्यांना गेली होती. रात्री अकरापर्यंत एकेकाला फोन करून ‘उघडू नका’ सांगत बसले.

*(धागा काढणारा: दिरांनी घाई केली म्हणून निदान तेवढं वाचलं. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, कुणी काढून घेण्याआधीच तो गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असं सांगितलं होतं. म्हणून आधी १९३० आणि बँक, रडणं नंतर.)*

निपाणी, बी.कॉम. दुसरं वर्ष

प्रोजेक्टसाठी टाइपिंगचा फुकट फॉन्ट शोधत होतो. लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा वाजायला लागला, ‘व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’. ते फक्त वेबपेज असतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, संपलं. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुनी पानं परत उघडू नका.

हिंडलगा, माजी सैनिक

घराघरांत फौजी असलेला हा आपला भाग. म्हणून वर्दीचा फोटो दिसला की आपले लोक भाव करत नाहीत. माझ्या पुतण्याला जुन्या स्कूटरसाठी एकानं ‘बदली झाली, गाडी तातडीनं विकायची’ म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवला. ड्युटीवरचा जवान आपलं कार्ड अनोळखी माणसाला असं पाठवत नाही गा. पुढे ‘पाच हजार ॲडव्हान्स परत करतो, क्यूआर स्कॅन कर’. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले.

वडगाव, बाबांचे माग आहेत

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ असा मेसेज बाबांना आला. घरात चार माग, ऑर्डर अंगावर. त्यांनी खालच्या नंबरवर फोन केला, त्या माणसानं आपली स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावलं आणि सुतासाठी ठेवलेले ४२,००० गेले.

बाबांनी हे नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. जेवण अर्ध्यावर सोडायचे, माग बंद झाल्यावरही तिथेच बसायचे. आम्हाला वाटलं, बीपी वाढलाय. दहाव्या दिवशी सूतवाल्याचा फोन मी उचलला तेव्हा कळलं. तक्रार केली, पण चोराच्या खात्यात काही उरलं नव्हतं. मी त्यांना एक शब्द बोलले नाही. नऊ दिवस तो माणूस एकटा हे घेऊन फिरत होता, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

परवा शेजारच्या काकांना तसाच मेसेज आला. ते बाबांकडे वाचून घ्यायला आले, कारण बाबांना कन्नड येतं. बाबांनी मेसेज वाचलाच नाही, जुनं बिल घेऊन या म्हणाले. बिलावर छापलेला नंबर लावला आणि तिकडून कुणी उचलेपर्यंत दोघं कट्ट्यावर फोन मधे ठेवून बसून राहिले.