मदत हवी आहे: स्लायडर कितीही हलवले तरी आकडे खऱ्या फुटबॉलसारखे येत नाहीत

टॉफीवाला
डोकं फिरायची वेळ आलीये. व्हिडिओ गेमच्या करिअर मोडमध्ये (एक संघ घेऊन अख्खे हंगाम खेळायचे) स्कोअर लागतात ५-३, ६-४. समोरच्याचं पासिंग ९२ टक्के, मग तो तळातला संघ का असेना. फाउल जवळपास नाहीतच. यूट्यूबवर दिसतील ते स्लायडरचे (गेमचं वागणं कमी-जास्त करायच्या सेटिंगचे) सेट लावून झाले, फरक शून्य. मला टीव्हीवर सामना संपल्यावर दाखवतात तसे आकडे हवेत. कोणाकडे चालणारे नंबर असतील तर सरळ नंबर टाका. "स्वतः प्रयोग करून बघा" हे ज्ञान नको, तेवढा वेळ नाही.

एडिसनकर
सोपं आहे. क्वार्टर १५ मिनिटांचे ठेवा आणि ॲक्सिलरेटेड क्लॉक चालू करून २० सेकंदांवर लावा. दोन्ही संघ मिळून सव्वाशेच्या आसपास प्ले होतात, एनएफएलमध्येही साधारण तेवढेच होतात. मग क्वार्टरबॅकची अचूकता ६५ टक्क्यांपर्यंत खाली येईस्तोवर कव्हरेजचा स्लायडर चढवत न्या. रनिंगची सरासरी सव्वाचार यार्डाच्या आसपास आली की थांबा. मी इकडे न्यू जर्सीत दर सीझनला हेच करतो.

अवि_डोंबिवली
एडिसनकर, ते मॅडन झालं हो, अमेरिकन फुटबॉलचा गेम. त्यांनी ५-३ स्कोअर लिहिलाय, तो वाचूनही?

एडिसनकर
एक फील्ड गोल (३) आणि एक सेफ्टी (२), झाले की ५. समोरच्याचा एक फील्ड गोल, ३. दुर्मिळ आहे, अशक्य नाही. त्यांनी गेमचं नावच लिहिलं नाही, तर मी काय करणार?

अवि_डोंबिवली
हे मात्र खरं. टॉफीवाला, गेम कुठला, कुठल्या वर्षीचा? पीसी की पीएस? डिफिकल्टी काय ठेवलीये? हाफ किती मिनिटांचा? आणि "स्लायडर हलवले" म्हणजे नेमके कुठले, तुझे की सीपीयूचे (गेम स्वतः खेळवतो त्या संघाचे)?

टॉफीवाला
एफसी २४, अजून काय असणार. पीएस५. लिजेंडरी. हाफ ६ मिनिटांचा. स्लायडर सगळेच. कृपया नंबर.

मॅन्युअलबुवा
स्लायडरला हातच लावू नका. कंट्रोल सेटिंगमध्ये जा, पास, थ्रू बॉल, क्रॉस, शॉट सगळं मॅन्युअल करा. तुमची पासिंगची टक्केवारी आपोआप ७५ वर येईल आणि शॉट स्टँडमध्ये जातील. मी वर्षानुवर्षं असंच खेळतो. असिस्टेड पास म्हणजे गेम तुमच्यासाठी खेळतोय आणि तुम्ही बघताय. त्यात कसले आलेत खरे आकडे?

अवि_डोंबिवली
बुवा, त्यांची तक्रार सीपीयूच्या ९२ टक्क्यांबद्दल आहे. हे मॅन्युअलवर गेले म्हणून सीपीयूचे पास चुकायला लागणार आहेत का?

मॅन्युअलबुवा
पण त्यांचे ६ गोल तरी होणार नाहीत.

शून्य_शून्य
नंबर देतो, पण त्याआधी एक हिशोब बघ. तो सोडून दिलास तर कुठलाही सेट लावलास तरी हेच रडगाणं राहील.

६ मिनिटांचा हाफ म्हणजे १२ मिनिटांत ९० मिनिटं. घड्याळ साडेसात पट पळतंय. प्रीमियर लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून पंचवीसेक शॉट होतात, म्हणजे साडेतीन-पावणेचार मिनिटांनी एक. तुला १२ मिनिटांत तेवढे हवे असतील तर प्रत्येक अर्ध्या मिनिटाला कोणीतरी शॉट मारलाच पाहिजे. मग तो सामना राहत नाही, नुसती पळापळ होते. त्यामुळे शॉट, पास, कॉर्नर, फाउल हे जे मोजायचे आकडे आहेत ते आधी हाफच्या लांबीवर ठरतात, स्लायडरवर नंतर. हाफ १० मिनिटांचा कर आणि गेम स्पीड स्लो ठेव. खऱ्या सामन्यातही चेंडू खेळात असतो तो ५५-५८ मिनिटंच, बाकी वेळ थ्रो-इन, गोल-किक आणि गवतावर लोळण्यात जातो. त्यामुळे २० मिनिटांत बऱ्यापैकी जमतं.

स्लायडरने हलतात त्या टक्केवाऱ्या: पासिंगची अचूकता, लक्ष्यावर किती शॉट, कितव्या शॉटला गोल. खऱ्या फुटबॉलमध्ये आठ-दहा शॉटला एक गोल पडतो. तुझा दर तिसऱ्या शॉटला पडत असेल तर गडबड तिथे आहे. सामन्यानंतरच्या पानावर एक्सजी बघ, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल अपेक्षित होते तो आकडा. एक्सजी २.१ आणि गोल ६, असं वारंवार होतंय का?

टॉफीवाला
होय, साधारण असंच. एव्हर्टन घेऊन खेळतोय. कॅल्व्हर्ट-लुइनचे डिसेंबरपर्यंत लीगमध्ये ३१ गोल झालेत. आणि टेबलमध्ये दुसऱ्या नंबरचा गोलस्कोअरर फक्त १२ वर आहे. हा फरक कुठला स्लायडर कमी करतो?

अवि_डोंबिवली
हाहाहा! खऱ्या २०२३-२४ मध्ये कॅल्व्हर्ट-लुइनचे अख्ख्या लीग हंगामात ७ गोल होते, आणि एव्हर्टनचे ३८ सामन्यांत मिळून ४०. ज्या हालांडने आदल्या हंगामात ३६ चा विक्रम केला, त्यालाही तू नाताळाच्या आत गाठतोयस.

शून्य_शून्य
हे आधी सांगायला हवं होतंस राव. दुसऱ्या नंबरवरचा १२ बरोबर आहे, तुझा ३१ चुकीचा आहे. बाकीच्या संघांचे आपसातले सामने गेम मागच्या मागे हिशोबाने सोडवतो. स्लायडर तिथे पोचतच नाहीत. ते फक्त तू हाताने खेळतोस त्या सामन्यांना लागू होतात. त्यामुळे टेबल आणि गोलस्कोअररची यादी स्लायडरने सुधारायच्या फंदात पडू नकोस. तुझे स्वतःचे सामने ताळ्यावर आले की फरक आपोआप मिटेल.

टॉफीवाला
म्हणजे मी उरलेली लीग बदलूच शकत नाही? मग अर्थ काय?

शून्य_शून्य
लीग बदलायची गरजच नाही, ती बरी चाललीये. घे नंबर. लिजेंडरी, १० मिनिटं, स्लो. सीपीयू पास एरर ६२, तुझा ५६. शॉट एरर दोघांचाही ५८. सीपीयू फर्स्ट टच एरर ६०, तुझा ५५. स्प्रिंट, ॲक्सिलरेशन, कीपर सगळे ५० वरच. एका वेळी एकच गोष्ट दोन-तीन अंकांनी हलव आणि त्यावर चार-पाच सामने खेळ. एका सामन्यावरून ठरवायला बसू नकोस.

पाटील_कीपर
कीपर ५० वर? म्हणूनच ६ गोल खातायत. कीपर ७० करा, दोघांचाही. दुसऱ्या सामन्यापासून १-०, २-१ लागायला लागतात. बाकी काही करायची गरज नाही.

शून्य_शून्य
स्कोअर खरा दिसेल, बाकी सगळं खोटं. २२ शॉट, १४ लक्ष्यावर, गोल १, कीपरला दर आठवड्याला दहापैकी दहा. खरा कीपर लक्ष्यावरच्या दहा शॉटपैकी सहा-सात अडवतो. शॉट बाहेर जायला हवेत, ब्लॉक व्हायला हवेत. ते काम शॉट एररचं आणि मार्किंगचं.

पाटील_कीपर
दहापैकी दहा मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं? स्कोअर बरोबर आला की झालं. लोक स्कोअर बघतात, ब्लॉक कोण मोजतं?

शून्य_शून्य
धागा आकड्यांचाच आहे साहेब.

निळा_अंधेरी
मुळात लिजेंडरी कशाला? खालच्या वर्ल्ड क्लास डिफिकल्टीवर या. लिजेंडरीत तळातला ल्युटनसुद्धा बार्सिलोनासारखा त्रिकोण करत फिरतो, कारण ती डिफिकल्टी सगळ्यांनाच हुशार करते. वर्ल्ड क्लासवर सीपीयूच्या चुका नैसर्गिक वाटतात. लिजेंडरीवर एरर वाढवलात तर त्याचा निर्णय अचूक असतो आणि पाय मात्र दारू प्यायल्यासारखा.

शून्य_शून्य
वर्ल्ड क्लासवर हा माणूस ८-० ने जिंकेल. डिसेंबरपर्यंत ३१ झालेत त्याचे.

निळा_अंधेरी
मग त्याचे एरर वाढव ना. त्याचा शॉट एरर ६५ कर. सीपीयूला कशाला लंगडा करतोस?

मडगावकार
या वादात कोणी आयएसएल (इंडियन सुपर लीग) घेऊन खेळून बघितलं का? एफसी २४ मध्ये एफसी गोवा आहे. तिथे मला उलटा त्रास आहे. खेळाडूंचे रेटिंग इतके खाली की लिजेंडरीवरसुद्धा पास चुकतात, पहिला टच दोन मीटर पुढे. आकडे अगदी खरे येतात रे, ५० वरच. गोव्याच्या कोरोने खऱ्या २०१७-१८ ला १८ गोल मारले होते, माझ्या स्ट्रायकरचे तेवढेही होत नाहीत.

निळा_अंधेरी
गोव्याचे खरे आकडे फातोर्ड्यावर २४ एप्रिल २०२४ ला बघितलेत आम्ही. नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे, आणि शिट्टी वाजली तेव्हा ३-२ मुंबई सिटी.

मडगावकार
तू तो सेमीफायनल काढणार हे माहीत होतं. छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते, सहा-सात मिनिटांत तीन गोल. गेममध्ये असं झालं असतं तर टॉफीवाला "स्क्रिप्टिंग" (गेम मुद्दाम निकाल फिरवतो) म्हणून दुसरा धागा काढून मोकळा झाला असता.

टॉफीवाला
स्क्रिप्टिंग आहेच! ८५ व्या मिनिटानंतर माझे डिफेंडर झोपतात. तो कुठला स्लायडर?

अवि_डोंबिवली
तो स्टॅमिना. तू पूर्णवेळ आर-टू (जोरात पळायचं बटण) दाबून धरतोस ना? आणि आर-वनने दुसरा डिफेंडर बोलावतोस? मग ७० व्या मिनिटाला तुझे मिडफिल्डर संपलेले असणारच. बदली खेळाडू उतरवतोस का कधी?

टॉफीवाला
बदली फक्त दुखापत झाली तर. आर-टू सगळेच दाबतात.

मीनल_के
थोडं अवांतर. भाच्याला वाढदिवसाला पीएस५ घ्यायचाय, डिस्कवाला घ्यावा की डिजिटल? त्याला फक्त फुटबॉल खेळायचंय.

पाटील_कीपर
डिस्कवाला घ्या ताई. गेम जुना झाला की विकता येतो. आमच्याकडे मित्रामित्रांत डिस्क फिरत असते.

मॅन्युअलबुवा
आणि भाच्याला पहिल्या दिवसापासून मॅन्युअल लावून द्या. नंतर सवय मोडत नाही.

शून्य_शून्य
टॉफीवाला, एक राहिलं. तू "फरक शून्य" म्हणालास, ते मला खटकतंय. शॉट एरर ५० चा ५८ केला तर फरक दिसतोच, चांगला की वाईट ते पुढचं. तू स्लायडर बदलतोस कुठून? मुख्य मेनूतून, की करिअर लोड करून आतल्या सेटिंगमधून?

टॉफीवाला
मुख्य मेनूतून. तिथून बदललं की सगळीकडे लागू व्हायला नको का?

शून्य_शून्य
माझ्याकडे तरी चालू करिअर स्वतःच्या सेटिंग घट्ट धरून बसतं. करिअर लोड कर, आतल्या गेम सेटिंगमध्ये जा आणि काय दिसतंय ते सांग.

टॉफीवाला
सगळे ५०. हे कुठे लिहून ठेवायला काय होतं यांना?

पाटील_कीपर
म्हणजे आम्ही इतका वेळ ५० विरुद्ध ५० भांडत होतो.

टॉफीवाला
(रात्री उशिरा) शून्य_शून्यचे नंबर आतून टाकले. १० मिनिटं, स्लो. फुलहॅमशी १-१. माझे शॉट ११, लक्ष्यावर ४. त्यांचे ९, लक्ष्यावर ३. त्यांचं पासिंग ८४, माझं ७९. नंतर आर्सेनलशी ०-२ हरलो, त्यांचं पासिंग ८८, ते ठीक वाटतं. पण फाउल अजूनही अख्ख्या सामन्यात ३. टीव्हीवर एकेका संघाचे दहा-अकरा असतात. आणि कॉर्नर १.

शून्य_शून्य
फाउलचा नाद सोड. एफसी २४ मध्ये फाउलचा स्लायडरच नाही. सीपीयू अंगाला न भिडता पासच्या वाटा अडवत बसतो, त्यामुळे त्याच्या हातून फाउल होतच नाहीत. तुझ्या बाजूचे हवे असतील तर तूच टॅकल जास्त कर, पिवळं कार्ड सोस. दहा होणार नाहीत, पाच होतील.

निळा_अंधेरी
कॉर्नरचं कारण वेगळं. तू मधूनच घुसतोस, थ्रू बॉल, थ्रू बॉल, शॉट. कॉर्नर येतात ते अडलेल्या क्रॉसवरून. मॅकनीलला डावीकडे टचलाइनला चिकटून ठेव, फुलबॅकला पुढे पाठव आणि क्रॉस टाक. अर्धे ब्लॉक होऊन बाहेर जातात. तुझ्याकडे कॅल्व्हर्ट-लुइन आहे, त्याचं डोकं कशासाठी आहे मग? सीपीयूचे कॉर्नर वाढवायचे तर त्यांचा विड्थ स्लायडर (संघ मैदानावर किती रुंद पसरतो तो) ५० वरून ५५ करून बघ. मला थोडा फरक वाटला.

शून्य_शून्य
विड्थ वाढवलीस तर मधला रस्ता मोकळा होतो आणि हा परत ५ गोल मारतो. आधी क्रॉसवर खेळून बघ, विड्थ शेवटी.

टॉफीवाला
वेस्ट हॅमशी क्रॉस टाकत खेळलो. कॉर्नर ४, गोल ०, हरलो १-०. कॉर्नर जवळच्याला आखूड देता येतो का, की फक्त लांब मारायचा?