कोडेक पॅक टाकूच नये, प्लेअरसोबत आलेले डीकोडर पुरेत

फ्रेममोजणी:
व्हिडिओ अडकला की ‘अमुक कोडेक पॅक (व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या डीकोडरांचा संच) टाक’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो थांबायला हवा. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे प्लेअर फाइल चालवताना विंडोजमधल्या डायरेक्टशो फिल्टरांकडे (पॅक विंडोजच्या जुन्या व्हिडिओ यंत्रणेत जे डीकोडर बसवतात त्यांच्याकडे) बघतही नाहीत, एफएफएमपेग या मोफत संचाचे डीकोडर त्यांच्यासोबतच येतात. म्हणजे व्हीएलसी वापरणाऱ्याने पॅक टाकून काडीचाही फरक पडत नाही. उलट दोन पॅक एकत्र आले की ज्या फिल्टरचं ‘मेरिट’ (प्राधान्याचा आकडा) जास्त, त्याला डायरेक्टशो पुढे करतं. तो जुनाट निघाला तर चित्र फुटतं किंवा आवाज जातो. शिवाय ३२ बिटच्या प्लेअरला ६४ बिटचे फिल्टर दिसत नाहीत.

तारजोड:
असहमत. दोन-तीन पॅक एकावर एक चढवणं चूकच, पण के-लाइट या पॅकचा ‘बेसिक’ संच एकटा टाकला तर त्यात लाव्ह फिल्टर्स (एफएफएमपेगवर आधारलेले डायरेक्टशो डीकोडर) असतात आणि एक्सप्लोररमध्ये एमकेव्ही व्हिडिओ फाइलींचे थंबनेलही दिसू लागतात. डायरेक्टशोवर चालणारी जुनी सॉफ्टवेअर ज्यांना वापरावी लागतात, त्यांनी काय करायचं? लाव्हमध्ये कोणता कोडेक हार्डवेअरकडे (ग्राफिक्स चिपकडे) द्यायचा आणि कोणता सीपीयूकडे, हे एकेक खूण करून ठरवता येतं. व्हीएलसीच्या साध्या सेटिंगमध्ये ही सोय नाही.

फ्रेममोजणी:
थंबनेलचं मान्य. पण एमपीसी-एचसी या प्लेअरमध्ये लाव्ह आधीपासून आहेच, मग फक्त पाहण्यासाठी पॅक कशाला? एक सांगतो, एमपीसी-एचसीची मूळ मालिका २०१७ साली १.७.१३ वर थांबली. पुढची आवृत्ती गिटहबवरून घ्या. जुनीच वापरत बसलात तर एव्ही१ या नव्या कोडेकची फाइल चालणार नाही.

निळी_वही:
तुम्ही दोघंही प्लेअरवरून वाद घालताय, पण अडकण्याचं मूळ बहुतेकदा चिपमध्ये असतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून १० बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५, पूर्णपणे हार्डवेअरवर चालतं, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चौथ्या पिढीच्या आय३ वर ४के एचईव्हीसी कोणताही प्लेअर घेतला तरी सहसा नीट चालत नाही. १० बिट एच.२६४ तर बहुतेक ग्राफिक्स कार्डांना झेपतच नाही, ते सीपीयूवरच पडतं.

आधी तपासा. एमपीव्हीत ‘आय’ दाबा, गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. एमपीव्हीत हार्डवेअर डीकोडिंग मुळात बंद असतं, ते कंट्रोल+एचने चालू करून आकडा वाढायचा थांबतो का ते पाहा. थांबला तर एमपीव्हीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये हार्डवेअर डीकोडिंगसाठी ‘ऑटो-सेफ’ कायमचं लिहून टाका. चिपलाच झेपत नसेल तर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने फाइल एकदाच ८ बिट एच.२६४ मध्ये बदला: रुंदी १९२०, आरएफ (दर्जाचा आकडा) २०, आवाज ‘पासथ्रू’ (जसाच्या तसा). जुन्या मशीनवर याला तासन् तास लागतात, रात्री लावून ठेवा.

घाटमाथा:
‘ऑटो-सेफ’ सगळ्यांनी कायमचं लावावं हे मला पटत नाही. अर्धवट उतरलेली किंवा खराब फाइल सॉफ्टवेअर डीकोडर बऱ्यापैकी सांभाळून घेतो, हार्डवेअरवर तिचंच चित्र कधीकधी हिरवं होतं किंवा थांबतं. साध्या १०८०पी एच.२६४ ला कुठलाही बरा सीपीयू पुरतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल तेव्हा मात्र हार्डवेअरच हवं.

प्लेअर निवडताना मराठी सबटायटल्सही बघा. जोडाक्षरं फुटत असतील तर आधी फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी करा, मग एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८. फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर एन्कोडिंग बदलून काही होत नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. आणि नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून सेव्ह करू नका. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि मजकूर परत मिळत नाही.

तारजोड:
सबटायटल्सबद्दल पूर्ण सहमत. पॅकबद्दल मत बदललेलं नाही: एकच संच, आणि नवा टाकण्याआधी जुना काढून मशीन रीस्टार्ट.