"मला काही होत नाही, मग मी गोळ्या का खाऊ?" या पोस्टला उत्तर

राजारामपुरीकर: काल उद्यमनगरच्या एका भावानं इथं लिहिलं, "बायकोला क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा जंतू, निघाला, तर डॉक्टरीणबाईंनी मलाही सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मला ना जळजळ, ना काही. नुसता धंदा." खाली अंगठ्यांची रांग लागली. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

दादा, त्रास होत नाही हीच या जंतूची खोड. लागण झालेल्या बहुतेक बायकांना काही जाणवत नाही, पुरुषांतही निम्म्याच्या आसपास असेच. जोडीदारांना तपासलं तेव्हा अनेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त जणांत जंतू सापडलाय. मग एकटीनं कोर्स करायचा आणि परत घरातूनच घ्यायचा? माझं तसंच झालं, दोनदा. दुसऱ्या खेपेला ओटीपोटात इतकं दुखायचं की रंकाळ्यावर फिरताना मधेच कठड्यावर बसायला लागायचं. आज माझी एक गर्भनळी बंद आहे. माझा नवराही तेव्हा हेच म्हणाला होता, "मला काय झालंय?"

उद्यमनगरचा: ताई, ऐकून वाईट वाटलं. पण तपासल्याशिवाय गोळ्या का गिळायच्या? आणि स्पष्टच विचारतो. मी बाहेर जात नाही. मग तिला आलं कुठून?

राजारामपुरीकर: लघवी जरूर तपासा, पण रिपोर्टची वाट बघत गोळ्या थांबवू नका. गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना औषध द्या म्हणतात ते यासाठीच. आणि "कुठून"? हा जंतू महिनोन्महिने गप्प राहतो, कधी वर्षाच्या वर. लग्नाआधीचा असेल, तिचा किंवा तुमचा. ती तपासायला गेली म्हणून तिचं नाव आधी आलं, एवढंच.

मंगळवार पेठेतले काका: असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायची काय गरज? घरातलं घरात ठेवावं.

राजारामपुरीकर: काका, घरात ठेवलं म्हणूनच नळी गेली.

मेडिकलवाला: वीस वर्षं काउंटरवर आहे, सांगतो. यावरची गोळी डॉक्सीसायक्लिन, म्हणजे डॉक्सी. खरा घोळ ती चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांचा. गडी येतो, मागं रांग बघून हळूच म्हणतो, "डॉक्सीच्या चार द्या."

कागलची सून: आणि तुम्ही देता! मला पण दिल्या होत्या, आमच्याकडच्या एका दुकानात. अंगावरून जातंय हे तोंडातून निघेना, तर त्यानंच ओळखून कात्रीनं पट्टी कापली. गोळीचं नाव अर्धं कापलेलं, तारीख पलीकडच्या तुकड्यावर. दोन दिवसांत बरं वाटलं, सोडून दिलं. पुढं सहा महिने दवाखाने केले.

मेडिकलवाला: सगळं माझ्यावर ढकलू नका! मी नाही दिलं तर शेजारचा देतो.

कागलची सून: म्हणजे देता. एवढं तरी कबूल करा.

मेडिकलवाला: दिल्यात. कबूल. झालं समाधान? मग हे पण ऐका. ती 100 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, सात दिवस पूर्ण. पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत जखम होते. गोळी घेऊन तडक गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचं नाही, दुधानं ती अंगाला कमी लागते. गरोदर बाईला ही चालत नाही. तिला अ‍ॅझिथ्रोमायसिन, 1 ग्रॅम, एकदाच.

कागलची सून: हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

मेडिकलवाला: रांगेत सांगायला लाज वाटते हो, आम्हाला पण.

राजारामपुरीकर: म्हणूनच सरकारी दवाखान्यात असल्या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं जावं. औषध फुकट आणि जोडीदाराचंही बघतात. मला हे फार उशिरा कळलं.

उद्यमनगरचा: बरं, धंदा म्हणालो ते मागं घेतो. "कुठून" मात्र डोक्यातून जात नाही, खोटं कशाला बोलू. चिठ्ठी आज परत काढून बघितली. सात दिवस लांब राहा असं पण लिहिलंय, मी वाचलंच नव्हतं.

राजारामपुरीकर: दोघांचा कोर्स संपेपर्यंत. आणि तीन महिन्यांनी दोघांनी परत तपासायचं. तिला "कुठून" विचारलंत काय?

उद्यमनगरचा: विचारलं. रडली. माझ्या गोळ्यांचं पाकीट तिनंच आणलंय, चार दिवस झाले, फ्रिजवर तसंच आहे. जेवण झालं की पहिली घेतो.