महाराजांची भूमिका केली म्हणून नटाच्या घरात डोकावायचा हक्क मिळतो का?

पूर्वरंग

एप्रिल २०२४ मध्ये चिन्मय मांडलेकर यांनी यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही असं जाहीर केलं. 'फर्जंद' (२०१८) ते 'सुभेदार' (२०२३) अशा पाच चित्रपटांत त्यांनी महाराज उभे केले होते. अभिनयाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मुलाच्या 'जहांगीर' या नावावरून त्यांच्या पत्नीला आणि त्या लहान मुलाला समाजमाध्यमांवर जे ऐकावं लागलं, त्यामुळे हा निर्णय झाला. ते नाव ठेवलं गेलं तेव्हा 'फर्जंद' आलाही नव्हता.

विषय आज काढतोय कारण पुरुषोत्तम करंडक, सवाई अशा एकांकिका स्पर्धांमधून आलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं आता ऐतिहासिक मालिकांसाठी ऑडिशन देत फिरतायत. भूमिका मिळाली की मुलाखतीत दोन वाक्यं हमखास येतात: 'हे महाराजांनीच करून घेतलं' आणि 'आईबाबा पाठीशी होते म्हणून इथवर आलो'. दोन्ही मनापासून असतात, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या आईबाबांचं नाव तो अभिमानाने घेतो, उद्या त्यांच्याच फोनवर शिव्या येणार असतील तर त्याने काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. जिरेटोप डोक्यावर असेपर्यंत त्या वेशाची मर्यादा पाळायलाच हवी आणि बहुतेक नट ती स्वतःहून पाळतात. जिरेटोप उतरला की त्याचं घर त्याचं. २०२२ चं उदाहरण घ्या. फेब्रुवारीत 'पावनखिंड'मध्ये मांडलेकर महाराज होते, मार्चमध्ये 'द काश्मीर फाइल्स'मध्ये दहशतवादी, एप्रिलमध्ये 'शेर शिवराज'मध्ये पुन्हा महाराज. प्रेक्षकांनी तिन्ही पाहिले. म्हणजे नट आणि भूमिका वेगळी असते हे आपल्याला नीट कळतं. मग मुलाच्या नावापाशी आल्यावरच ते का विसरायचं?

मावळतीर

पूर्वरंग, असहमत. आधी एक सांगून टाकतो: लहान मुलावर घसरणारे लोक नीच आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही.

पण 'जिरेटोप उतरला की संपलं' हे खरं नाही. डॉ. अमोल कोल्हे २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती'मधून घराघरांत पोहोचले. २०१७ मध्ये संभाजी महाराजांवरची मालिका सुरू झाली आणि ती चालू असतानाच, मे २०१९ मध्ये, ते शिरूरमधून खासदार झाले, तेही तीन वेळा निवडून आलेल्या खासदाराला हरवून. नितीश भारद्वाज 'महाभारत' मालिकेत कृष्ण झाले आणि १९९६ मध्ये थेट जमशेदपूरमधून लोकसभेत गेले. केवळ भूमिकेमुळे मतं पडली असं मी म्हणणार नाही. पण सभेला आलेल्या म्हाताऱ्या बायका पाया पडत होत्या त्या कुणाच्या? उमेदवाराच्या नक्कीच नाही.

भूमिकेतून मिळणारी माया, मान, उद्घाटनाच्या सुपाऱ्या, मतं, सगळं नट घरी नेतो. तेव्हा तो 'मी फक्त नट' म्हणत नाही. मग लोकांनी त्याच्याकडून वागण्याची अपेक्षा ठेवली तर ते अतिक्रमण कसं? तरुण नटाने होकार देण्याआधी हे समजून घ्यावं. पेलणार नसेल तर सामाजिक नाटकं, विनोदी मालिका, कामं पुष्कळ आहेत.

पडद्यामागची

मी वेशभूषा विभागात काम करते, म्हणून घरच्यांबद्दल थोडं लिहिते. 'आईबाबांची साथ' म्हणजे काय ते बाहेरून दिसत नाही.

ऐतिहासिक मालिकेत नायक पहाटे मेकअपला बसतो. दाढी-मिशी चिकटवायची, अंगरखा, शेला, कंबरेला तलवार, मे महिन्यात त्यावर चिलखत. बारा-तेरा तासांची पाळी. दाढीचा डिंक रोज लागून हनुवटीची कातडी सोलून निघते. घोड्यावरून पडणं, खांदा दुखावणं नेहमीचं. आणि पैसे? कामाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. तोवर गोरेगावच्या खोलीचं भाडं साताऱ्याहून किंवा नगरहून वडील पाठवतात. पोरगं टीव्हीवर राजा दिसत असतं आणि घरी आई किराण्याची उधारी सांभाळत असते. हे मी एकाच नाही, अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

मावळतीर, तुम्ही म्हणता माया आणि मान नट घरी नेतो. खासदार होणारे किती? बाकीच्यांची मालिका संपते आणि पुढे दोन-दोन वर्षं काम मिळत नाही, कारण निर्मात्याला त्याच्यात दुसरं कुणी दिसतच नाही. त्या काळात त्याला जेवायला घालणारे घरचेच असतात. लोकांची माया तेव्हा कुठेच नसते. म्हणून घरच्यांवर हात टाकणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

रंगपीठ

जुनं उदाहरण देतो. डॉ. काशिनाथ घाणेकर पेशाने दंतवैद्य. १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला त्यांचा संभाजी गाजला. त्यानंतर चारच वर्षांनी ते 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्या झाले, मवाली, बेदरकार पोरगा. त्याच प्रेक्षकांनी लाल्यालाही डोक्यावर घेतलं. नटाची ताकद ती हीच. संभाजी केलेल्याने लाल्या करायचा नाही असा दंडक तेव्हा असता तर मराठी रंगभूमी एका मोठ्या भूमिकेला मुकली असती.

मावळतीर

लाल्याबद्दल मान्य. भूमिकांवर बंदी घाला असं माझं म्हणणंच नाही. पण कोल्हे यांचा २०१७ मध्ये चित्रित झालेला नथुराम गोडसेवरचा चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये आला, तेव्हा त्यांच्याच पक्षातून विरोध झाला. एव्हाना ते नुसते नट राहिले नव्हते. नाव मोठं झालं की लोक जाब विचारणार. पडद्यामागची, तुमचा मुद्दा मात्र मनाला लागला. जाब नटाला विचारावा, त्याच्या बायको-पोरांना नाही. एवढं मी माझ्या मतात घालून घेतो, बाकी मत तेच.

पूर्वरंग

जाब कशाचा, यावर आपलं जमणार नाही. भूमिका वाईट केली, इतिहास मोडून दाखवला, त्या वेशात अचकटविचकट वागला, तर जरूर विचारा. मी स्वतः विचारेन. पण त्याने मुलाचं नाव काय ठेवावं, लग्न कुणाशी करावं, ताटात काय वाढून घ्यावं, यांचा महाराजांच्या भूमिकेशी काय संबंध? मांडलेकरांसारखा एन.एस.डी.त (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) शिकलेला, लेखक-दिग्दर्शक म्हणूनही उभा असलेला माणूस 'आता पुरे' म्हणू शकला. पहिलीच मालिका करणारा पोरगा ते म्हणू शकणार नाही. तो गप्प बसून सोसेल आणि घरच्यांनाही गप्प बसायला सांगेल.

पडद्यामागची

मग मागणी कुठे करायची ते बोलू या. मी पाहिलेल्या करारांत नटाने काय करायचं नाही याची लांब यादी असते: केस कापायचे नाहीत, दुसरी मालिका घ्यायची नाही, जाहिरात विचारूनच करायची. घरच्यांना धमक्या आल्या तर वाहिनी आणि निर्माता काय करणार याबद्दल एक ओळ नसते. पोलिसांत तक्रार द्यायला सोबत कोण जाणार, वकिलाचा खर्च कोण करणार, हे लिहून घ्यायला हवं. मालिकेच्या प्रसिद्धीसाठी आईवडिलांना सेटवर बोलावून व्हिडिओ करता ना, मग त्यांची जबाबदारीही करारात घ्या.