अनुभव धागा: पुळणीवरचे आणि मत्स्यालयातले फोटो

धागाकर्ती
कोकणातून परत आल्यावर फोन उघडावा तर मळकट वाळू, पांढरंफटक आभाळ, आणि मत्स्यालयाच्या काचेत माशाऐवजी आपलंच तोंड. ज्यांचा या कामावर हात बसलाय त्यांनी लिहा. ‘उजेड बघून काढा’ छापाचे सल्ले नकोत, आकडे द्या.

पुळणवाला
समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. म्हणून तारकर्लीसारखी फिकी वाळू भर उन्हात मळकट उतरते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण वाढवणं-कमी करणं) +०.७ ते +१ करा. अलिबागकडची वाळू काळपट, तिथे हीच सवय ठेवलीत तर आभाळ उडालंच म्हणून समजा. तिथे शून्यावरच राहा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात, मग सूर्याची खूण वर-खाली सरकवायची.

दुसरं म्हणजे आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी, त्यामुळे पाणी निळं-हिरवं दिसतं. दुपारी चारनंतर तेच पाणी चंदेरी आणि माणसं काळी. घरच्यांचे फोटो सकाळी नऊच्या आत उरका. माड-सुरूंची सावली तोवर पुळणीवर असते, तिच्या कडेला उभं केलं की डोळे मिचकावणं बंद. काळ्या आकृत्यांची हौस संध्याकाळी भागवा: बोट आभाळावर टेकवून उजेड कमी करायचा, आणि हात-पाय अंगापासून सुटे ठेवायला सांगायचे. नाहीतर चौघांचा मिळून एक गोळा दिसतो.

पंचांगवाले
वरचं सगळं बरोबर, पण आधी तिथी बघा! जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी खूप लांब जातं. हिवाळ्यात सूर्यही त्याच सुमारास बुडतो, तेव्हा ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरतं. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणा, प्रतिबिंब दुप्पट दिसेल. एप्रिल-मेमध्ये सूर्यास्त सातच्या आसपास, तेव्हा प्रतिपदा जास्त जुळते. अष्टमीच्या संध्याकाळी उलटं: पाणी वर आलेलं, पण भांगाचं (कमी चढ-उताराच्या भरतीचं), त्यामुळे ओल्या वाळूची पट्टी चिंचोळी.

खडपावर जाणार असाल तर पाणी फिरायच्या आत मागे या. आपण उभे असतो तो खडक कोरडा राहतो आणि परतीची वाट आधी बुडते.

गोल फिल्टर
पोलरायझरबद्दल (लेन्सवर लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर) कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याशी असेल तेव्हाच आभाळ गडद होतं. सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर आभाळावर परिणाम जवळपास शून्य. एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर आभाळात मधोमध काळा डाग पडतो. आणि पंचांगवाल्यांचं ते ओल्या वाळूतलं आभाळ हवं असेल तर फिल्टर काढूनच ठेवा, कारण तो नेमकं प्रतिबिंबच पुसतो.

खारा वारा
लाटेचे तुषार गोठवायचे तर शटर १/१००० सेकंद. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्यात तर १/४ ते १/२ सेकंद, त्यासाठी ट्रायपॉड आणि उजेड असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच). ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून बसवा, नाहीतर प्रत्येक लाटेला तो थोडा खचतो आणि ‘हललं कसं?’ हे कळत नाही.

मीठ सुकल्यावर लेन्स कोरड्या कपड्याने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं. एसी गाडीतून थेट पुळणीवर कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं. बंद पिशवीतच वीस-तीस मिनिटं राहू द्या. लेन्स पुळणीवर बदलू नये, हे सांगायला हवं का?

काचेपलीकडे
मत्स्यालयाचा अर्धा खेळ काचेचा. फ्लॅश बंद, फोकसला मदत करणारा छोटा दिवाही बंद. लेन्सला रबरी हूड लावून काचेला टेकवा. धातूची कडा नको, ॲक्रिलिक (काचेच्या जागी वापरतात ते पारदर्शक प्लास्टिक) मऊ असतं आणि चरा कायमचा राहतो. काटकोनातच काढा. तिरकं धरलंत की जाड ॲक्रिलिक आणि पाणी मिळून प्रकाश वाकवतात, माशाच्या कडेला रंगीत झालर येते आणि फोकस कितीही नीट असला तरी चित्र मऊ पडतं. बोगद्याच्या वळणदार छतातून कडेचे मासे म्हणूनच ताणलेले दिसतात, तिथे नाकासमोरचाच मासा घ्या.

आकडे: लेन्सचं छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर संथ माशाला १/१२५, चपळ माशाला १/२५० किंवा जास्त. काळ्या पार्श्वभूमीवरच्या जेलीफिशला एक्स्पोजर -१, नाहीतर ती पांढरा बोळा होते. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवा, निळ्या एलईडीचा रंग घरी काढता येतो. माशामागे कॅमेरा पळवू नका. टाकीत त्याची फेरी ठरलेली असते, वळणाच्या जागी फोकस धरून थांबा. पोलरायझर इथे नकोच: काटकोनात तो प्रतिबिंब कापत नाही, वर उजेड खातो.

फक्त फोन
फोनवाल्यांसाठी. फोन काचेला चिकटवला की तो आपोआप मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोच्या मोडवर) किंवा रुंद लेन्सवर उडी मारतो. ते बंद करून मुख्य लेन्सवर राहा. नाइट मोडही बंद, मासे पुसट होतात. फोटोत आडवे पट्टे आले तर दोष दिव्यांचा: आपली वीज ५० हर्ट्झची, प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. गडद शर्ट घाला, पांढरा कुर्ता काचेत सगळ्यात आधी दिसतो. राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या काचेलाही हेच लागू. काच मात्र बोटांच्या ठशांनी भरलेली असते, खिशात चष्मा पुसायचं फडकं ठेवा.

पुळणवाला
एक राहिलंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं सोडताना फ्लॅश, टॉर्च, फोनचा दिवा काहीही नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्राऐवजी माणसांकडे वळतात. जमिनीलगत बसा, शटर १/२५०, आयएसओ वाढू द्या. दोरीच्या आत लेन्स घालायची नाही.